कोमट समुद्रातही थंडी का वाजते? जाक कुस्तोच्या अंगावरच्या सूटांची गोष्ट

पावसाळा संपला की मला ठरावीक मेसेज येऊ लागतात. तारकर्लीला चाललोय, अंदमानला चाललोय, स्कूबाचं बुकिंग झालंय. समुद्र तर गरमच असतो ना, मग सूट घालायचा की टी-शर्ट आणि शॉर्ट्सवर भागेल? घ्यायचाच असेल तर 2 मिमीचा घेऊ की 3 मिमीचा? सोबत वेदर ॲपचा स्क्रीनशॉट असतो: समुद्राचं तापमान 28 अंश.

28 अंश म्हणजे पंखा लावून बसायची हवा, असं कुणालाही वाटेल. हवेच्या बाबतीत ते खरंही आहे. पण पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट चांगल्या प्रकारे उष्णता वाहून नेतं. आपलं शरीर आतून 37 अंशांवर चालतं. उघड्या अंगाने पाण्यात नुसतं स्वस्थ पडून राहायचं असेल आणि थंडी वाजायला नको असेल, तर पाणी साधारण 33 ते 35 अंश लागतं. म्हणजे बादलीतलं आंघोळीचं पाणी. 28 अंशांच्या समुद्रात तुम्ही उतरल्या क्षणापासून उष्णता गमावत असता, फक्त ती इतकी हळू जाते की पहिली 10-15 मिनिटं कळतच नाही.

हे गणित स्वतःच्या अंगावर सोडवत बसलेला माणूस म्हणजे जाक-ईव्ह कुस्तो. लाल लोकरी टोपी, लांब नाक आणि हडकुळा चेहरा असा त्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. त्याची ओळख कॅमेऱ्यामुळे, कॅलिप्सो जहाजामुळे आणि ॲक्वालंगमुळे आहे. मी मात्र आज त्याचं आयुष्य त्याच्या कपड्यांवरून सांगणार आहे. तुमच्या 2 की 3 मिमीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, आणि मला तरी कुस्तोचा हा भाग त्याच्या सिनेमांपेक्षा जास्त आवडतो.

ग्रीस, रबर आणि उलटा लटकलेला माणूस

कुस्तोचा जन्म 11 जून 1910 चा, फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सां-आंद्रे-द-क्युब्झाक या गावातला. 1930 मध्ये तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. पण 1936 मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, दोन्ही हातांना जबर दुखापत झाली आणि विमान उडवायचं स्वप्न तिथेच संपलं. हातात ताकद परत यावी म्हणून तो तूलाँ बंदराजवळ भूमध्य समुद्रात पोहू लागला. फिलिप तायिये या नौदलातल्या मित्राने त्याला पोहताना लावायचा चष्मा दिला. तो लावून कुस्तोने डोकं पाण्याखाली घातलं आणि पुढची साठ वर्षं त्याचं लक्ष तिथून हटलं नाही. फ्रेदेरिक ड्युमा नावाचा एक पट्टीचा पाणबुड्या त्यांना येऊन मिळाला आणि तिघांची टोळी जमली.

या टोळीचा पहिला शत्रू ना शार्क होता, ना खोली. तो होता गारठा. भूमध्य समुद्र पोस्टकार्डवर निळा आणि उबदार दिसतो, पण हिवाळ्यात तिथलं पाणी 13-14 अंशांवर येतं. तेव्हा वेटसूट नावाची वस्तूच नव्हती. पोहणाऱ्यांकडे एकच उपाय होता, तो म्हणजे अंगाला ग्रीस फासणं. कुस्तोने तोही तपासून पाहिला आणि त्याचं मत वाईट झालं. ग्रीस पाण्यात धुऊन जातं. मागे जो तेलाचा पातळ थर राहतो, तो ऊब धरण्याऐवजी उष्णता घालवायला किंचित मदतच करतो, असा निष्कर्ष त्याने काढला. देवमाशाची चरबी कातडीच्या आत असते म्हणून कामाची. बाहेरून लावलेली चरबी म्हणजे नुसता चिकटपणा.

मग त्याने रबराचे कपडे करून पाहिले. पहिले प्रयत्न दिसायला इतके विचित्र होते की त्याला स्वतःलाच आपण चिलखत घातलेला डॉन किहोते वाटायचो. ऊब वाढवावी म्हणून त्याने एका सूटमध्ये थोडी हवा भरली. आणि इथे खरी गंमत झाली. हवा भरलेला सूट एका ठरावीक खोलीवरच नीट तरंगायचा. त्याच्या जरा वर गेलं की फुगून माणसाला वर खेचायचा, जरा खाली गेलं की दबून खाली ओढायचा. शिवाय डोकं खाली करून सूर मारला की आतली सगळी हवा धावत पायांकडे जायची, आणि पाणबुडा डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत लटकून राहायचा. पाण्यातून निघायची घाई झालेल्या माणसाला याहून वाईट स्थिती नाही.

हा प्रसंग हसण्यावारी नेऊ नका. आजच्या प्रत्येक वेटसूटमध्ये हीच अडचण लहान आकारात शिल्लक आहे. त्याकडे येतोच.

पोलाद कारखान्यातल्या कामगाराचं रेशन

1937 मध्ये कुस्तोचं सिमोन मेल्शिओरशी लग्न झालं. तिचे वडील एअर लिक्वीड या वायू बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्याच ओळखीतून पुढे महायुद्धाच्या काळात कुस्तोची एमिल गान्यां या इंजिनिअरशी गाठ पडली. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक व्हॉल्व्ह बनवला होता. तोच बदलून दोघांनी पाणबुड्याला मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. 1943 च्या सुरुवातीला पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या थंडगार पाण्यात त्याची चाचणी झाली. आडवं पोहताना तो ठीक चालला, पण उभं राहिलं की हवा वाया जायची आणि डोकं खाली केलं की श्वास घेणं जड व्हायचं. हवा बाहेर टाकणारी जागा आणि आत घेणारी जागा वेगवेगळ्या उंचीवर होत्या, एवढंच कारण. दोन्ही एका पातळीवर आणल्या आणि प्रश्न सुटला. जूनमध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर ॲक्वालंग समुद्रात उतरलं.

आता थंडीचा प्रश्न दुप्पट झाला. आधी दम संपला की माणूस आपोआप वर यायचा, आता हवेची टाकी पाठीवर असल्यामुळे तो अर्धा-अर्धा तास खाली राहू लागला. त्या उन्हाळ्यात या टोळीने सुमारे 500 वेळा बुडी मारली. देश जर्मन ताब्यात, अन्न रेशनवर आणि पाण्यात शरीर सतत शेगडीसारखं जळणारं. त्यांनी हिशोब मांडला, की थंड पाण्यातली डायव्हिंग पोलाद कारखान्यातल्या मजुरापेक्षा जास्त कॅलरी खाते. त्या हिशोबावर त्यांना अंगमेहनतीच्या कामगारांची रेशन कार्डं मिळाली: थोडं जास्त लोणी, थोडा जास्त ब्रेड. डाईव्ह करून आल्यावर बोटीवर सगळे वडापाववर तुटून का पडतात, याचं उत्तर इतकं जुनं आहे.

1946 मध्ये त्यांचा थंड पाण्याचा सूट अखेर जमला. पाणबुडा नाकाने सोडलेला श्वास सूटच्या आत जायचा आणि जादा हवा डोकं, मनगटं आणि घोटे यांच्याजवळच्या झडपांतून निघून जायची. त्यामुळे हवा एका जागी साठत नव्हती, आणि माणूस कुठल्याही खोलीवर, कुठल्याही बाजूला तोंड करून स्थिर राहू शकत होता. आजच्या ड्रायसूटचा हा एक पूर्वज.

पण आपल्या कामाची वस्तू वेगळी आहे. ती ड्युमाने केली. फार थंड नसलेल्या पाण्यासाठी त्याने फोम रबराची एक हलकी बंडी तयार केली. वीसेक मिनिटं ऊब द्यायची आणि हातपाय मोकळे ठेवायची. कमी थंडीला कमी कपडा, आणि हालचालीची किंमत न देता. ट्रॉपिकल डाईव्हसाठी तुम्ही आज जो पातळ सूट भाड्याने घेता, त्यामागे हीच कल्पना आहे.

बुडबुडे ऊब देतात, पाणी नाही

इथे कुस्तोला दोन मिनिटं बाजूला ठेवू या, कारण यापुढची उडी अमेरिकेत मारली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठातला पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर, जो आधी अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करून आला होता, त्याने 1951-52 च्या सुमारास सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेली एक गोष्ट काढून टाकली. सूटमध्ये पाणी शिरू द्यायचं नाही, हा अट्टहास. ब्रॅडनरचं म्हणणं असं, की कापडातच पुरेशी हवा अडकवलेली असेल तर अंग ओलं झालं तरी बिघडत नाही. विलार्ड बॅस्कम या सहकाऱ्याच्या सूचनेवरून निओप्रीनचा फोम वापरला गेला. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, आणि त्याच्या फोममध्ये वायूचे लाखो बंद बुडबुडे. ते बुडबुडे उष्णता अडवतात.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण अर्ध्या यूट्यूबवर उलटं सांगितलेलं असतं: वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी शरीराने गरम होतं आणि ते पाणी आपल्याला ऊब देतं. तसं नाही. ते पाणी गरम करायची उष्णता तुमच्याच शरीरातून जाते. ते पाणी आत अडून राहिलं तर नुकसान थांबतं इतकंच. सूट सैल असेल आणि प्रत्येक हालचालीबरोबर जुनं पाणी बाहेर, नवं आत असं चालू राहिलं, तर तुम्ही समुद्र तापवत बसलाय. म्हणूनच अंगाला नीट बसलेला 3 मिमीचा सूट, कमरेशी पोकळी असलेल्या 5 मिमीच्या सूटवर मात करू शकतो.

आता ती राहिलेली अडचण. बुडबुड्यात वायू आहे, आणि वायू दाबाखाली आकसतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर 1, 10 मीटरवर 2, 30 मीटरवर 4. खाली गेल्यावर तुमचा 3 मिमीचा सूट 3 मिमीचा राहत नाही. तो दबून पातळ होतो, त्याची ऊब कमी होते आणि त्याची तरंगायची ताकदही कमी होते. वर येताना दोन्ही परत येतात. कुस्तो ज्या फुगवलेल्या सूटमुळे कधी वर खेचला जात होता, कधी खाली, तो सूट म्हणजे एकच मोठा बुडबुडा होता. तुमच्याकडे लाखो लहान आहेत. म्हणून सूट बदलला की कमरेच्या वजनाचा हिशोब पुन्हा करावा लागतो. मित्राने त्याच्या 5 मिमीसाठी लावलेले शिसे तुमच्या लायक्राच्या सूटवर लावून उतरलात, तर थेट तळाशी.

तांबड्या समुद्रातले चंदेरी सूट

1950 मध्ये कॅलिप्सो कुस्तोच्या हाती आलं. दुसऱ्या महायुद्धातली सुरुंग काढणारी ती लाकडी बोट लोएल गिनेस या धनिकाने विकत घेऊन त्याला वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. 1951 मध्ये ती पहिल्या मोठ्या मोहिमेवर तांबड्या समुद्राकडे निघाली. भूमध्यात कुडकुडलेल्या या मंडळींना तिथे पोवळ्यांचे बगिचे आणि खरोखर कोमट पाणी भेटलं.

याच समुद्रात, सुदानच्या किनाऱ्याजवळ शाब रूमी इथे, 1963 मध्ये कुस्तोने पाण्याखाली चक्क घर बांधलं. तारामाशाच्या आकाराचं, सुमारे 10 मीटर खोलीवर, पाच माणसं एक महिना राहतील असं. त्याहून खाली, 27 मीटरच्या आसपास, दोन माणसांसाठी एक छोटी कोठडी होती. त्यांचा मुक्काम आठवड्याचा. यावर काढलेल्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं. त्यात ही माणसं चंदेरी रंगाचे वेटसूट घालून फिरताना दिसतात, अगदी अंतराळवीरांसारखे. कुस्तोला दिखाव्याची हौस होती यात शंका नाही. पण चंदेरी रंग बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो: सुदानचा समुद्र उन्हाळ्यात 30 अंशांच्या आसपास असतो, आणि तरीही रोज तासन् तास पाण्यात काम करणारी माणसं अंगभर सूट घालत होती.

का? कारण पाण्यातल्या थंडीला तापमानाइतकाच वेळ लागू होतो. 28 अंशांत 20 मिनिटं आणि 28 अंशांत दिवसातून तीनदा 50 मिनिटं, ही दोन वेगळी पाणी आहेत. पहिल्या डाईव्हमध्ये गेलेली उष्णता बोटीवर तासाभरात पूर्ण भरून येत नाही, वर ओल्या अंगावर वारा लागतो. दुसऱ्या डाईव्हला तुम्ही आधीच थोडे रिकामे होऊन उतरता. शिवाय टाकीतली हवा कोरडी आणि गार असते, प्रत्येक श्वास शरीराला गरम आणि ओला करून घ्यावा लागतो. तो खर्च कुठलाच सूट वाचवत नाही.

आणि शरीर यावर काय करतं? फोनची बॅटरी उतरली की तो सेव्हर मोडवर जातो, तसंच. हातापायांचा रक्तपुरवठा कमी करून गाभा वाचवतं. बोटं बधिर होतात, बकल उघडत नाही, लक्ष उडतं, श्वास वाढतो आणि हवा लवकर संपते. याहून गंभीर गोष्ट वर येताना घडते. खाली असताना अंगात विरघळलेला नायट्रोजन रक्ताबरोबर फुप्फुसांत येऊन बाहेर पडायला हवा. वर येतानाच तुम्ही गारठलेले असाल, तर हातापायांचं रक्त मंदावलेलं असतं आणि नायट्रोजन आतच रेंगाळतो. डीकॉम्प्रेशनच्या आजाराचा धोका त्यामुळे वाढतो. कोमट समुद्रातली थंडी ही फक्त गैरसोय नाही, ती ही.

पुढचं आयुष्य, आणि हातमोजे

कुस्तोचं उरलेलं आयुष्य मी भराभर सांगतो, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. 1956 मध्ये त्याच्या सिनेमाला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 1973 मध्ये त्याने समुद्ररक्षणासाठी कुस्तो सोसायटी काढली. 1979 मध्ये धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ जलविमानाच्या अपघातात गेला, 1990 मध्ये सिमोन गेली. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडालं. 25 जून 1997 ला पॅरिसमध्ये कुस्तोचा मृत्यू झाला आणि जन्मगावीच त्याचं दफन झालं.

पण 1956 चा तो सिनेमा आज पाहताना मला अवघडायला होतं. त्यात मासे मोजण्यासाठी पोवळ्यांत डायनामाइट उडवलंय, चिडलेले खलाशी शार्क मारताना दिसतात. पुढे समुद्र वाचवायला जगभर फिरलेला माणूस आणि हा, एकच. आज बऱ्याच रीफवर हातमोजे घालायला बंदी असते, त्यामागचं कारण सूटशी जोडलेलं आहे: हात सुरक्षित झाला की माणूस पोवळ्याला धरतो. तेव्हा कोमट पाण्यात हातमोजे घेऊच नका. अंग झाका, हात उघडे ठेवा आणि काही धरू नका.

आता तुमचा स्क्रीनशॉट. ॲपवरचं तापमान बहुतेक वेळा उपग्रहाच्या मोजणीवर बेतलेलं असतं, आणि उपग्रहाला दिसते ती समुद्राची वरची साय. तुम्ही 12 किंवा 18 मीटरवर जाणार असाल तर तिथलं पाणी दोन-तीन अंशांनी, कधी त्याहून जास्त गार असू शकतं. म्हणून डाईव्ह सेंटरला फोन करा आणि विचारा, या आठवड्यात तुमच्या डाईव्ह कॉम्प्युटरवर तळाला किती दिसतंय? त्या आकड्यावर सूट ठरवा. 29 अंश किंवा वर, आणि एकच छोटी डाईव्ह असेल तर लायक्राचा अंगभर सूट पुरतो. तो ऊब जवळजवळ देत नाही, पण ऊन, जेलीफिश आणि खरचटणं यांपासून वाचवतो. 27-28 असेल तर 3 मिमीचा पूर्ण बाह्यांचा घ्या. आखूड बाह्यांचा शॉर्टी दिसायला छान, पण कोपराखालचे हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे राहतात, आणि जेलीफिशला तेवढं पुरतं. 24 ते 26 ला 5 मिमी. दिवसाला तीन डाईव्ह असतील, किंवा तुम्ही कुस्तोसारखे हडकुळे असाल, तर एक पायरी जाड. नवा सूट घ्यायचा नसेल तर आतून पातळ टोपीवाली बंडी घाला, खर्च कमी आणि फरक मोठा.

तारकर्लीची पहिली ट्राय-डाईव्ह उथळ आणि थोड्या वेळाची असते, तिथे सेंटर देईल तो सूट चालेल. फक्त घातल्यावर दोन जागा बघा: मान, आणि पाठीचा खालचा खळगा. तिथे मूठभर जागा राहत असेल तर एक साइज लहान मागा. खोल श्वास घेता येत नसेल तर एक मोठा.

आणि पाण्यात हुडहुडी भरली, तर ती अंगावर काढू नका, दुसरी डाईव्ह पैसे भरलेत म्हणून करू नका. खूण सोपी आहे. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि दंड चोळायचे. इन्स्ट्रक्टरला ती कळते, तो तुम्हाला सावकाश वर घेऊन येईल.